लेकाला हॅलोविनला सैतान व्हायचंय, साबा (सासूबाई) आणि शेजारीण दोघी नाही म्हणतायत

केरीची_मनी
नमस्कार मंडळी, आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला असतो. लेक सेकंड ग्रेडला आहे, आजवर दरवर्षी हॅलोविनला (३१ ऑक्टोबरला पोरं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागतात तो सण) गुपचूप स्पायडरमॅन व्हायचा, या वर्षी कुठून डोक्यात शिरलं देव जाणे पण त्याला डेव्हिल व्हायचंय. लाल केप, डोक्यावर लाइट लागणारी शिंगं, हातात काटा, मागे बाणासारखं टोक असलेली शेपूट, सगळं घेऊन झालंय आणि तो ते घालून जेवायला पण बसतो. साबा सध्या इकडेच आहेत, त्यांचं सुरू झालं की दिवाळीच्या तोंडावर घरात हे ध्यान कशाला, पोराला कृष्ण कर. त्यांचं मी बघून घेईन. पण शेजारीण सदर्न बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांतला एक पुराणमतवादी पंथ) आहे, अतिशय गुणी बाई, हा सहा महिन्यांचा असल्यापासून तिने सांभाळलाय, तिने आम्हाला त्यांच्या चर्चच्या ट्रंक ऑर ट्रीटला बोलावलंय. म्हणजे पार्किंग लॉटमधे गाड्यांच्या डिक्या सजवतात आणि पोरं एका डिकीवरून दुसऱ्या डिकीवर कँडी गोळा करत फिरतात. फ्लायरवर बारीक अक्षरात आहे, भीतीदायक कॉश्च्युम नकोत. लेकाने कौतुकाने शिंगं लावून दाखवली तर ती गप्पच झाली, मग म्हणाली फायरमन का नाही होत तू.

मला कळत नाही, सण यांचाच ना? मग यांनाच का चालत नाही? आणि मी आता काय करू? "अमेरिकेत गेलात ना, भोगा" टाइप प्रतिसाद देऊ नका प्लीज, आधीच डोकं उठलंय.

वसईवाला
ताई मी वसईचा कॅथलिक, आता टोरांटोत. "यांचाच सण" इथेच गडबड आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, आदल्या रात्रीला हॅलोविन म्हणतात, आणि २ तारखेला मृतात्म्यांचा दिवस. आमच्याकडे वसईत त्या दिवशी कबरी साफ करून फुलं मेणबत्त्या लावतात, फादर येऊन आशीर्वाद देतात, भूत बनून कोणी हिंडत नाही. सोंगं, भोपळे, दारोदार फिरणं हे आयर्लंड स्कॉटलंडकडचं. तिकडे सलगम कोरून दिवे करायचे, १९व्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत आले आणि इथे भोपळे ढिगाने मिळतात म्हणून भोपळा आला.

आता तुमची शेजारीण बॅप्टिस्ट. ते लोक संतांचे सण पाळतच नाहीत, म्हणजे हॅलोविन त्यांच्या दृष्टीने एकीकडून सॅविन नावाच्या जुन्या केल्टिक सणाचा आणि दुसरीकडून आम्हा कॅथलिकांचा, दोन्हीकडून संशयास्पद 😄 जुने प्युरिटन (फार कडक प्रोटेस्टंट) तर ख्रिसमसही मानत नव्हते, मॅसॅच्युसेट्समधे १६५९ साली ख्रिसमस साजरा करणाऱ्याला ५ शिलिंग दंडाचा कायदा केला होता, तो १६८१ पर्यंत होता. आणि ३१ ऑक्टोबर हा ल्युथरन लोकांचा रिफॉर्मेशन डे पण आहे, १५१७ साली मार्टिन ल्युथरने कॅथलिक चर्चवर टीका करणारे ते ९५ मुद्दे मांडले तो दिवस, त्यामुळे काही चर्चमधे त्या दिवशी वेगळाच कार्यक्रम असतो.

पण खरी गोष्ट ही की तिच्यासाठी सैतान हे कार्टून नाही. तो आहे, आत्ता आहे, आणि माणसाच्या मागावर आहे असं ती मनापासून मानते. बायबलात अनुवाद १८ मधे चेटूक, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं हे सगळं देवाला अमंगळ आहे असं स्पष्ट लिहिलंय, त्याचाच आधार घेतात. ज्या पोराला तिने मांडीवर खेळवलं त्याच्या डोक्यावर शिंगं बघून तिला हसू येणार नाही. दुसऱ्या बाजूचे ख्रिश्चनही भरपूर आहेत, ते करिंथकरांच्या पत्रातला मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा भाग सांगतात, की मूर्ती काहीच नाही तर खाल्ल्याने काय बिघडतं, फक्त दुसऱ्याचं मन दुखवू नका. एकाच चर्चमधे दोन्ही मतं सापडतात. आम्हा कॅथलिकांतही एकमत नाही. रोमचे प्रसिद्ध एक्झॉर्सिस्ट (सैतान उतरवणारे) फादर गाब्रिएले आमोर्थ हॅलोविनच्या कडक विरोधात होते, पॅरिसच्या धर्मप्रांताने २००२ पासून होलीविन्स काढलं त्यात मुलं संतांचे वेष करून येतात, आणि माझी बहीण मात्र पोरांना ड्रॅक्युला करून संध्याकाळी फिरवते आणि सकाळी चर्चमधे मिस्साला (प्रार्थनेला) नेते.

तिरकस
चर्चला सैतानाचे कपडे चालत नाहीत हे कोणी सांगितलं? हेल हाउस गुगल करा. हॉन्टेड हाउससारखंच असतं पण चर्चवाले चालवतात, एकेका खोलीत पाप आणि त्याचं फळ दाखवतात, चर्चचीच पोरं शिंगं लावून लोकांवर ओरडतात, आणि शेवटच्या खोलीत या आता प्रभूकडे. जेरी फॉलवेल या प्रसिद्ध बॅप्टिस्ट पाद्र्याच्या व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या कॉलेजात १९७२ ला सुरू झालेलं स्केरमेअर त्यातलं सगळ्यात जुन्यांपैकी. केरीहून अडीच तासावर आहे ताई, लेकाला तिकडे नोकरी मिळेल.

वसईवाला
@तिरकस हसलो, पण मुद्दा बरोबर आहे. मध्ययुगात युरोपात चर्चच्या नाटकांत सैतान असायचाच आणि बहुतेक वेळा तो विनोदी पात्र असायचा. शेवटी हरतो म्हणून चालायचा. त्यांचा आक्षेप सोंगावर नाहीच मुळी, सैतान मजेचा आणि क्यूट करून टाकतात त्यावर आहे.

रत्नागिरीची_आपा
आम्ही मुसलमान, न्यू जर्सीत. आमच्याकडे बहुतेक घरं करत नाहीत, मशिदीत ऑक्टोबरच्या शेवटाला सांगतातच की दुसऱ्या धर्माच्या मुळाचं आहे, लांब राहा. पण मुलं शाळेत बघतात आणि रडतात, मग कोणी त्या दिवशी पिझ्झा पार्टी ठेवतं, कोणी दाराशी कँडीचा बाऊल ठेवून मोकळं होतं. माझ्या ओळखीची एक ऑर्थोडॉक्स ज्यू बाई आहे, ती पण करत नाही, तिची मुलं पुरीमला (ज्यूंचा एक सण) कॉश्च्युम घालतात तेव्हाच हौस भागवते. जिहोवाज विटनेस (एक ख्रिश्चन पंथ) तर वाढदिवसही करत नाहीत. तुझी शेजारीण निदान बोलावते तरी आहे, जा तू, शिंगं घरी ठेव आणि जा.

फोंड्याचो_बाब
साबांना म्हणावं नरकासुराला विसरला काय? आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यात नरकासुर उभा असतो. बांबूचा सांगाडा, त्यावर गवत, गोणपाट, कागद, मग रंग, डोळ्यात बल्ब, दात बाहेर, कुठे कुठे मान फिरते हात हलतात. पोरं पंधरा पंधरा दिवस कामधंदा सोडून त्यालाच चिकटलेली. रात्रभर स्पर्धा, बक्षिसं, कान फुटेपर्यंत डीजे, आणि पहाटे जाळून टाकायचा. मग घरी येऊन तेल लावून आंघोळ, तुळशीपाशी डाव्या पायाने कारीट (कडू रानफळ) फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि पाच प्रकारचे फोव (पोहे) खायला बसायचं. २०२४ ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला, ३१ ऑक्टोबरलाच होते.

आणि हो, आमच्याकडेही भांडण आहे. दरवर्षी पेपरात येतंच की नरकासुर वीस फुटी आणि त्याला मारणारा कृष्ण बाजूला एवढासा, बक्षीस कोणाला तर असुराला, हे काय चाललंय. मला विचाराल तर त्या लोकांचं अगदीच चूक नाही, डीजेपुढे कृष्ण कोणाच्या लक्षातही नसतो. तुमच्या साबा आणि शेजारीण बाई एकाच टेबलावर बसवल्या तर खूप जमेल त्यांचं.

केरीची_मनी
अपडेट. काल सरळ जाऊन विचारलं तिला. ती म्हणाली रस्त्यावर तुम्ही काय घालायचं ते तुमचं, मी ३१ ला पोर्चचा लाइट बंद ठेवते म्हणजे मुलं दार वाजवत नाहीत, फक्त चर्चच्या आवारात ते नको, तिथे माझ्या ओळखीचे लोक असतात आणि मला वाईट वाटेल. एवढंच. लेक चर्चला फायरमन व्हायला तयार झाला (दोन वेळा कँडी मिळणार हे कळल्यावर). प्रश्न साबांचा उरलाय, त्या म्हणतात व्हायचंच तर आपल्यातलं काहीतरी हो.

गुहागरचा_गण्या
मग संकासुर करा ना वहिनी! आपल्यातलाच आहे. शिमग्यात आमच्याकडे येतो, काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी तोंडावरून खाली आलेली, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लांबून घुंगरं वाजली की आम्ही पलंगाखाली जायचो. आणि तोच दारात आला की आई ओवाळायची, बायका पोराला त्याच्या पायावर घालायच्या. असुर तो असुर, पण त्याला कोणी अशुभ म्हणत नाही. दशावतारात वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो तोच हा. साबा कोकणातल्या असतील तर स्वतःच शिवून देतील.

केरीची_मनी
साबा दापोलीच्या!! वाचून दाखवलं, लगेच काळं कापड आहे का विचारतायत. दाढीला कापूस लावू म्हणाल्या.

डॅलसचे_काका
थांबा थांबा. कल्पना झकास आहे पण तुम्ही साउथमधे राहता. तोंड झाकणारी उंच टोकदार टोपी बघून तिथल्या लोकांना संकासुर नाही आठवणार, कू क्लक्स क्लॅन आठवेल (तसल्याच पांढऱ्या टोप्या घालणारी वर्णद्वेषी संघटना), भले रंग काळा असो. टोपी मऊ आणि मागे पडलेली करा, तोंड पूर्ण उघडं ठेवा, दाढी मोठी आणि घुंगरं भरपूर, लोक जादूगार समजतील आणि कँडी देतील. आणि काही झालं तरी पोराचं तोंड काळं रंगवू नका, त्याचा इथे फार वाईट इतिहास आहे (कृष्णवर्णीयांची टिंगल करायला गोरे तोंड रंगवायचे), शाळेतून फोन येईल. काटा पण शाळेत नेऊ देत नाहीत बहुतेक ठिकाणी, ते आधी टीचरला मेल करून विचारा.