गॅरेजमधला इलेक्ट्रिक ब्रूइंग सेटअप: ब्रेकर पडतो आणि एलिमेंट काळं होतंय

प्रश्न: मंडळी, गॅरेजमध्ये बिअरसाठी तीन भांड्यांचा सेटअप लावलाय, दोन भांड्यांत प्रत्येकी ५५०० वॅटचे तापवायचे एलिमेंट, दोन पंप, प्लेट चिलर (उकळलेलं मिश्रण झटपट गार करणारा), सगळं. लाइन २४० व्होल्ट, ३० अँपिअरची. दोन्ही एलिमेंट एकदम लावले की ब्रेकर पडतो. शिवाय एलिमेंटवर काळी खरपुडी धरलीय, घासून निघत नाही. काय करू?

उत्तर १: एका एलिमेंटलाच जवळपास २३ अँपिअर लागतात, दोन्हींचे झाले ४६, मग ब्रेकर पडणारच की. कृपा करून नुसता मोठा ब्रेकर टाकू नका, वायर तेवढी जाड नसेल तर भिंतीतच तापत राहील. पॅनलवर सिलेक्टर स्विच बसवून घ्या, एका वेळी एकच एलिमेंट चालेल असा. आणि अर्थिंग, लीकेज ब्रेकर (करंट गळला की लाइन तोडणारा) हवाच हवा, ओल्या फरशीवर उभे असता तुम्ही! हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच.

उत्तर २: खरपुडी घासू नका, गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट टाकून पंपाने अर्धा तास फिरवा, मऊ होऊन सुटते. नंतर स्वच्छ पाणी. पांढरा थर उरला तर सायट्रिक ॲसिड. ब्लीच अजिबात नको, स्टीलला बारीक खड्डे पडतात. चिलरमध्ये पाणी उलट्या दिशेने सोडा, माझ्याकडे तर धुऊन झाल्यावरही हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) हिरवट चोथा निघाला होता.

प्रश्नकर्ता: पंप उघडून बघितला, आत तसाच गाळ! आज सगळं खोलतो. स्विचचं इलेक्ट्रिशियनशी बोललोय.