बांधा, चण, मांस आणि अंग: वळूच्या पारखीचे शब्द

उपशीर्षकवाली
मांसासाठी गुरे पोसणाऱ्या देशांत पैदाशीचा बैल कसा पारखतात, यावरच्या एका अमेरिकी माहितीपटाची मराठी उपशीर्षके अंधेरीत चालली आहेत. कच्चा मसुदा मशीनचा. त्यात कन्फॉर्मेशनला ‘अनुरूपता’, बीफ बुलला ‘गोमांस बैल’, हुक्स अँड पिन्सना ‘आकडे आणि टाचण्या’, ट्विस्टला ‘पीळ’, हॉकला ‘गुडघा’, डबल मसलिंगला ‘दुहेरी स्नायू’ आणि स्क्रोटल सर्कमफरन्सला ‘अंडाशयाचा घेर’ असे शब्द आले आहेत. एका ओळीत जेमतेम चाळीस अक्षरे बसतात, म्हणून लांबण लावता येत नाही. बघणारे गुरे पाळणारेच आहेत, त्यामुळे हसे व्हायला नको. काय ठेवू, काय काढू?

माणदेशी
ताई, आधी तुमच्या प्रश्नातलाच ‘पैदाशीचा बैल’ काढा. बैल म्हणजे खच्ची केलेला, औताचा नाहीतर गाडीचा. त्याच्याकडून पैदास म्हणजे वांझेला मुलगा. पैदाशीचा तो वळू. वयात येऊ लागलेला तो खोंड, त्याहून लहान तो गोऱ्हा. देवाच्या नावाने सोडलेला तो पोळ. माहितीपटात बारा-पंधरा महिन्यांची जनावरे विक्रीला उभी असतील तर तिथे ‘खोंड’ लिहा, ‘वळू’ नको. ‘सांड’ मुंबईत सगळ्यांना कळतो, पण मराठीत तो बहुधा माणसावर ओरडायला उरला आहे.

कोशवाचक
म्हणजे दलाल स्ट्रीटवरचा ‘तेजीचा बैल’ही चुकीचाच की!

माणदेशी
चुकीचाच. तेजीचा वळू. बैलाने कसली तेजी आणायची.

परळ नाका
‘गोमांस बैल’ आणखी एका कारणाने नको. मुंबईत ‘बीफ’चा अर्थच सरकला आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. वळू आणि बैलही २०१५ पासून त्या बंदीखाली आले. आता इथे कायदेशीररीत्या बीफ म्हणून मिळते ते म्हशी-रेड्याचे. त्यामुळे ‘बीफचा वळू’ वाचून इथला माणूस रेडा डोळ्यांपुढे आणेल. ‘मांसासाठीच्या जातीचा वळू’ एकदा सुरुवातीला लिहा, पुढे नुसता ‘वळू’. ‘मांसल जात’ टाळा, कारण ‘मांसल’ हा शब्द एकेका वळूचे वर्णन करायला लागणार आहे.

अंडाशय मात्र आज रात्रीच काढा. अंडाशय गाईला असतो. वळूला असतात ती वृषणे, ती ज्या पिशवीत असतात तो वृषणकोश. अंडकोश म्हटले तरी चालेल.

कोशवाचक
‘अनुरूपता’ही टिकत नाही. अनुरूप कुणाला? लग्नाच्या स्थळाला. ‘संरूपण’ सुचवणार होतो, पण तो शब्द रेणूंना शोभेल, खोंडाला नाही. ‘शरीररचना’ म्हणजे आतली हाडे-स्नायू, अ‍ॅनाटमी. ‘देहयष्टी’ कवितेत किंवा पहिलवानाच्या वर्णनात. सरळ ‘बांधा’ घ्यावा, असे माझे मत.

माणदेशी
बांधा बरोबर, पण त्याच एका शब्दात सगळे कोंबू नका. आपल्याकडे चण वेगळी, बांधा वेगळा. ‘लहान चणीचा पण बांध्याला मजबूत’ असे आपण म्हणतोच. आणि ‘अंग धरले’ हे तिसरेच.

परळ नाका
माणदेशींनी नेमकी गाठ पकडली. इंग्रजीत तिथे चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मशीनने त्यांची सरमिसळ केली असणार. मराठीत चारही शब्द रोजच्या बोलण्यात आहेत.

चण म्हणजे फ्रेम, सांगाड्याचे मोजमाप. जनावर सपाट जागेवर सरळ उभे करून कमरेच्या हाडांवर उंची मोजतात आणि वयाप्रमाणे तक्त्यातून अंक काढतात. तक्त्यातला एक अंक म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरचा फरक. यात चांगले-वाईट नाही. मोठ्या चणीचा खोंड उशिरा भरतो आणि त्याच्या मुलींना चाराही जास्त लागतो, इतकेच.

बांधा म्हणजे कन्फॉर्मेशन: हाडे एकमेकांना कशी लागली आहेत, सांध्यांचे कोन, पाठ, पुठ्ठा, पाय, खूर. हा जन्माचा असतो, खाऊ घालून बदलत नाही.

मांस म्हणजे मसलिंग: हाडांवर स्नायू किती भरले आहेत ते.

अंग म्हणजे कंडिशन, अर्थात चरबी. ‘अंग धरले’, ‘अंग टाकले’, ‘हाडे वर आली’ हे सगळे याच खात्यात. अमेरिकेत याला १ ते ९ गुण देतात, ब्रिटनमध्ये १ ते ५. वळू गाईंत सोडताना ९ पैकी ५-६ वर असावा, कारण हंगामात तो अंग टाकणारच.

घोळ होतो तो तिसऱ्या आणि चौथ्यात. विक्रीसाठी भरपूर धान्य खाऊ घातलेला खोंड गुबगुबीत दिसतो आणि लोक त्याला मांसल समजतात. फरक बघायचा तर मागून बघा. मांसल खोंड सर्वांत रुंद असतो मांडीच्या मध्यावर. चरबीवाला कमरेशी रुंद आणि खाली निमुळता. पाठीवरून पाहिले तर मांसल जनावराच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना गोलाई असते, मधे पन्हळीसारखी खाच. चरबीची पाठ पाटासारखी सपाट, कडा चौकोनी. मग त्याला चालवा. मांस आवळते-सुटते, चरबी नुसती हलते. चरबी आधी कुठे साठते तेही ठरलेले आहे: छातीच्या पुढच्या टोकाला, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना, आणि वृषणकोशाच्या मानेत, म्हणजे वर तो शरीराला लागतो तिथे. ही शेवटची जागा महत्त्वाची. वृषणे शरीरापेक्षा काही अंश थंड राहिली तरच वीर्य नीट तयार होते. मानेत चरबी भरली की उष्णता अडकते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६० दिवस लागतात, त्यामुळे आज झालेले नुकसान काही आठवड्यांनी दिसते आणि तोवर हंगाम निम्मा सरलेला असतो.

उपशीर्षकवाली
डॉक्टर, हे फार उपयोगी. मसुद्यात ‘फिट’ आणि ‘मसल’ दोन्हीकडे ‘धष्टपुष्ट’ होते. मग ‘दुहेरी स्नायू’?

परळ नाका
स्नायू दुहेरी नसतात. तेवढेच असतात, पण त्यांतले तंतू संख्येने खूप जास्त. मायोस्टॅटिन नावाचे जनुक वाढीला लगाम घालते; ते बिघडले की असे होते. बेल्जियन ब्लू ही त्याची प्रसिद्ध जात. ‘अतिमांसल’ लिहा. हा शब्द वापरताना त्यात कौतुक येऊ देऊ नका, कारण अशी वासरे अडतात आणि गाय फाडून काढावी लागतात.

कोशवाचक
‘गाय फाडून’ नको हो डॉक्टर. ‘शस्त्रक्रियेने’.

माणदेशी
आकडे-टाचण्यांवर येऊ. हुक म्हणजे कमरेच्या दोन बाजूंना वर आलेली हाडे, दुबळ्या गाईवर टोपी अडकवता येते ती. त्यांना ‘कमरेची हाडे’ म्हणा. पिन म्हणजे शेपटीखालची दोन टोके: ‘बैठकीची हाडे’. दोहोंमधला भाग पुठ्ठा. काही जण हुकला ‘खुबा’ लिहितात, चूक आहे. खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा सांधा, तो या दोहोंच्या मधे आणि खाली बसतो.

परळ नाका
बरोबर. पुठ्ठ्याला मागे किंचित उतार हवा. अगदी सपाट पुठ्ठ्याखाली मागचे पाय सहसा जास्तच सरळ सापडतात. ‘पीळ’च्या जागी ‘मांड्यांचा जोड’ लिहा. मागून दोन मांड्या मिळतात ती जागा. ती जितकी खाली, तितके मांस.

उपशीर्षकवाली
आणि हॉक? तिथेच सर्वांत जास्त वाक्ये आहेत. सिकल-हॉक्ड, पोस्ट-लेग्ड, काऊ-हॉक्ड. मसुद्यात एके ठिकाणी ‘गाय-गुडघा’ आहे.

परळ नाका
हॉक हा गुडघा नव्हे. आपल्या हिशेबाने तो घोटा आहे, आणि त्याचे मागे आलेले टोक म्हणजे टाच. जनावर चवड्यावर, खरे तर नखांवर उभे असते. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट. मागचा खरा गुडघा वर, पोटाच्या कातडीला लागून. पुढच्याला गुडघा म्हणायची सवय इतकी रुळली आहे की ती मोडू नका, पण मागे ‘घोटा’ लिहा. नाहीतर ‘गुडघा सुजला’ म्हटल्यावर बघणारा चुकीच्या जागी हात लावेल.

माणदेशी
तिन्ही दोषांना शब्द असे करता येतील. सिकल-हॉक्डला ‘विळापायी’: घोटा जास्त वाकलेला, खूर पोटाखाली आलेला. पोस्ट-लेग्डला ‘खांबपायी’. काऊ-हॉक्डला ‘घोटे आत, खूर बाहेर’. ‘फेंगडा’ मोहात पाडेल, पण तो वापरू नका. कुणी गुडघे बाहेर फाकलेल्याला फेंगडा म्हणतो, कुणी पाय फाकून चालणाऱ्याला.

परळ नाका
तिन्ही सारखे वाईट नाहीत. घोटे थोडे आत असणे वळूला बरेचदा निभते. खांबपायी मात्र नाही. घोट्याला कोन नसला की धक्का सोसायला काही उरत नाही. गाईवर चढताना सगळे वजन मागच्या दोन पायांवर येते. घोटा सुजतो, खऱ्या गुडघ्याचा बंध तुटू शकतो, आणि वळू चढणेच सोडतो. विळापायी वळूत भार खुराच्या मागच्या भागावर जातो, टाचा झिजतात, नख्या पुढे वाढत राहतात.

उभ्या जनावरात हे लपते, म्हणून चालवून बाजूने बघायचे. पुढचा खूर जमिनीवर जो ठसा सोडतो त्यातच मागचा खूर पडला पाहिजे. खांबपायी वळूचा अलीकडे पडतो, विळापायीचा पलीकडे.

कोशवाचक
‘पावलावर पाऊल’! एका ओळीत बसते आणि आठच अक्षरे.

उपशीर्षकवाली
घेतले. खुरांचे गुण १ ते ९ आहेत, तिथे ९ ला सर्वोत्तम लिहिले होते.

परळ नाका
नाही. अँगस जातीच्या त्या पद्धतीत ५ सर्वोत्तम. खुराचा कोन आणि नख्यांची ठेवण असे दोन वेगळे गुण देतात. कोनात ५ म्हणजे सुमारे ४५ अंश. नख्यांत ९ च्या बाजूला गेले की नख्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढतात.

माणदेशी
ब्राह्मन जातीचे वळू दाखवले असतील तर तिथे शब्द शोधू नका. त्या जातीत गीर, ओंगोल, कांकरेज आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचे रक्त आहे. हम्पला ‘उंचवटा’ नको, वशिंड. ड्यूलॅप म्हणजे गळ्याखालची पोळी.

परळ नाका
त्यांच्यातच शिश्नावरची कातडी लोंबण्याचा दोष जास्त. ती गवताला, काटेरी झुडपाला घासते, आतली त्वचा बाहेर येऊन चिघळते. ‘लोंबती कातडी’ पुरे.

उपशीर्षकवाली
शेवटचे एक. ‘बीएसई टेस्ट’, म्हणजे ब्रीडिंग साउंडनेस एक्झाम, तशीच ठेवू?

कोशवाचक
मुंबईत? लोक निर्देशांक शोधतील.

परळ नाका
आणि पशुवैद्य मॅड काऊ रोग समजेल, त्याचेही आद्याक्षर तेच. ‘प्रजननक्षमता तपासणी’ लिहा. त्यात बांधा, वृषणकोशाचा घेर आणि वीर्य तिन्ही येते. पुढे जाणारे शुक्राणू किमान ३० टक्के, आकाराने धड किमान ७० टक्के. घेर १५ महिन्यांपर्यंत किमान ३० सेंटिमीटर, दोन वर्षांपुढे ३४.

उपशीर्षकवाली
मोजण्याच्या दृश्याला ही ओळ केली आहे: ‘अंगठा मधे घालून वृषणे खाली दाबा, टेप लावा.’

परळ नाका
अंगठा मधे नको. तो दोन वृषणांच्या मधे गेला की ती फाकतात आणि घेर खोटा मोठा येतो. हात मानेला बाजूने धरायचा. असे करा: ‘बाजूने धरून खाली सरकवा, सर्वांत रुंद जागी टेप.’