मदत हवी आहे : कोंबड्यांच्या पिंजऱ्यांविषयीचा मसुदा आमदारांच्या कार्यालयातून परत आला

विधी_विद्यार्थी : आम्ही पाच जणांनी तीन महिने खपून अशासकीय विधेयकाचा (म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायच्या विधेयकाचा) मसुदा केला, आणि आमदारांच्या स्वीय सहायकांनी "हा केंद्राचा विषय आहे" एवढे सांगून तो परत दिला. अधिवेशन तोंडावर आले आहे. काय करावे, कृपया लवकर सांगा.

वकील_नागपूर : राज्य कोणते, कायदा कोणता आणि दुरुस्ती नेमकी कशात, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

विधी_विद्यार्थी : क्षमस्व. आम्ही पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहोत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे, तो वाढवायचा आहे. शिवाय पिंजऱ्याचे किमान माप घालायचे आहे. एका शेडमध्ये आम्ही उतरत्या तारेवर उभ्या असलेल्या कोंबड्या पाहिल्या. काहींची नखे वाढून तारेभोवती वळली होती आणि पंख पसरायला कोणालाच जागा नव्हती.

वकील_नागपूर : मग ते उत्तर चुकीचे आहे. प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात अशा विषयांच्या यादीत, नोंद १७ मध्ये आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. हा दाखला पहिल्याच पानावर द्या.

जनहित_याचिका : विधेयकात वेळ घालवू नका, थेट उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करा.

वकील_नागपूर : त्यांनी याचिकेविषयी विचारलेलेच नाही.

माजी_विधिमंडळ_कर्मचारी : माप मसुद्यातून काढा, असे माझे स्पष्ट मत आहे. कलम ३८ खाली नियम करण्याचा अधिकार केंद्राचा आहे. दोन्ही एकत्र आणलेत तर सहायकांना नकाराचे कारण आयते मिळेल.

वकील_नागपूर : मला हे पटत नाही. दंड वाढला तरी अपुरी जागा म्हणजे किती, हे ठरले नसेल तर पोलीस गुन्हा कशाच्या आधारे नोंदवणार? विधी आयोगाचा २०१७ चा २६९ वा अहवाल याच कोंबड्यांच्या वाहतुकीवर आणि निवाऱ्यावर आहे, तो जोडा.

लेयर_शेतकरी : माझे पिंजरे कर्जाचे आहेत. मसुद्यात ते बदलायला मुदत किती दिली आहे?

विधी_विद्यार्थी : मुदत दिलेलीच नाही, ही आमची चूक झाली. आपण किती वर्षांत कर्ज फेडता, ते कळवाल का? त्यानुसार कलम नव्याने लिहून सोमवारी सहायकांना पुन्हा भेटतो.