अनुदान ‘जमा’ दाखवतंय, पासबुक कोरं. मदत हवी आहे

सीनाकाठ
सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन गेलं. पंचनामा झाला, यादीत नाव आलं. सेतूवाला म्हणतो पैसे पडलेत, तसा कागदही काढून दिला. बँकेत पासबुक मशीनमध्ये घातलं की नुसतं कर्रकर्र, एक ओळ छापून येत नाही. तलाठी म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते तहसीलला जा. हरभऱ्याची पेरणी खोळंबलीय. लवकर सांगा.

बांधावरचा
कुठली यादी? हेक्टरी ८,५०० ची, का रब्बीच्या बियाण्याच्या १०,००० ची? दोन्ही वेगळ्या पडतात. क्षेत्र किती? फार्मर आयडी आहे, का ई-केवायसी केली?

तूरडाळ
विमा कंपनीला ७२ तासांत कळवलं होतं का? तिथंच सगळे फसतात.

बांधावरचा
विम्याचं कुणी विचारलंय? आणि यंदाच्या खरिपात ते ७२ तासांचं राहिलंच नाही. सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे भागातलं सरासरी उत्पादन मोजून.

सीनाकाठ
८,५०० वालीच. सव्वा हेक्टर, कागदावर १०,६२५. केवायसी यादीतला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) टाकून सेतूतच केली.

माजी_सरपंच
जानेवारी २०२४ च्या जीआरने कोरडवाहूला हेक्टरी १३,६०० होते, तेही तीन हेक्टरपर्यंत. यंदा मे महिन्यात परत ८,५०० वर आणले. त्यावर कुणी बोलत नाही.

बांधावरचा
वरचे दहा हजार धरले तर १८,५०० होतात की.

माजी_सरपंच
होतात! तुला आले का?

बँकमित्र
भांडा नंतर. सीनाकाठ, खातं कुणाचं?

सीनाकाठ
अण्णांचं. सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

बँकमित्र
मग हातातलं पासबुक बाजूला ठेवा. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारवर पडतात. अण्णांचं आधार डीबीटीसाठी शेवटचं ज्या बँकेला जोडलं, तिकडेच गेले असणार. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसतं.

सीनाकाठ
ओटीपी जातो तो नंबर कधीच बंद पडलाय.

काळीआई
सरळ पोस्टात खातं काढा. अंगठा दिला की झालं. आमच्या गावात निम्म्यांनी तेच केलं.

बँकमित्र
ताई, त्याने पुढचे पैसे पोस्टात येतील. पडलेले जुन्या खात्यातच राहणार, आधी ते शोधा. पीएम किसानचा हप्ता कुठं येतो? गॅसची सबसिडी?

सीनाकाठ
पीएम किसान इथंच यायचं, मागचा हप्ता मात्र दिसला नाही. आई म्हणते मध्यंतरी बाजाराच्या गावी एका बँकेने शिबिर लावून सगळ्यांचे अंगठे घेतले होते. पासबुक कुणालाच दिलं नाही.

बँकमित्र
तीच बँक. अण्णांना सोबत न्या, आधारची मूळ प्रत घ्या.

तूरडाळ
पीककर्ज थकलं असेल तर खात्याला होल्ड लावून पैसे अडवतील, बघा.

बँकमित्र
मदतीची रक्कम कर्जात वळती करायची नाही, असं जीआरमध्येच असतं. छापून खिशात ठेवा.

सीनाकाठ
उद्या शनिवार, दुसरा का तिसरा?

बांधावरचा
दुसरा. सोमवारी जा.

माजी_सरपंच
खरडून गेलेल्या जमिनीच्या ४७,००० ची यादी कुणाकडं लागली का? वावरात माती उरली नाही, नुसता मुरूम.

बांधावरचा
सरपंच, वेगळा धागा काढा.