पैसा येणार कुठून?

प्रश्न असा की, उपचारातून इजा झाल्यावर सरकारने भरपाई द्यायची तर पैसा कोणाच्या खिशातून? न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून याचं उत्तर आहे: सरकारी अपघात-भरपाई योजना. तिथे डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण भरपाईसाठी कोर्टात खेचताही येत नाही. योजनेत उपचार-इजांचं खातं वेगळं, मात्र त्यासाठी वेगळी वर्गणी घेत नाहीत. जखमी माणूस कमावता असेल तर पगारदारांच्या वर्गणीतून, नसेल तर सरकारी करातून रक्कम वळती होते. अमेरिकेत फक्त लशीमुळे झालेल्या इजांसाठी भरपाई निधी आहे; त्यासाठी लशीच्या दर डोसामागे, ती लस जितके आजार टाळते त्या प्रत्येकाला ७५ सेंट कर.

आपल्याकडे? आमच्या नागपुरात मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत जाणाऱ्या गरिबाचंच बघा ना बावा. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता खटल्यातल्या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार, तिथे ग्राहक कायदा लागत नाही, नाममात्र नोंदणी शुल्क भरलं तरी. म्हणजे खाजगीत पैसे मोजणारा ग्राहक आयोगात जाणार, फुकटवाल्याने दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. पगारातून कापलेली वर्गणी आपल्याकडे किती पुरेल, शंकाच आहे, कारण पगारपत्रक असणारे मूठभर. मला लशीवाला मार्ग जास्त जमण्यासारखा वाटतो: औषधं, इम्प्लांट यांवर थोडा उपकर, तोही वेगळ्या खात्यात.