हेल्मेट, हायवे आणि हनुवटीखालचा पट्टा: इंदूरच्या दुचाकीवाल्यांचे अनुभव

१ ऑगस्ट २०२५पासून इंदूरात हेल्मेटशिवाय पेट्रोल द्यायचं नाही असा हुकूम निघाला आणि पंपांवर हेल्मेटांची उधारी सुरू झाली. मागच्याचं पुढच्यानं घालायचं, टाकी भरली की परत. एका दूधवाल्यानं तर कॅनचं झाकणच डोक्यावर ठेवलं, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्या सगळ्या गमतीत पट्टा लावलेला माणूस मला तरी कोणी दिसला नाही. हा धागा काढायचं कारण तेच.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, १००० रुपये दंड, तीन महिने लायसन्स निलंबित, हे सगळ्यांना पाठ आहे. ते पुन्हा नको. तुमच्या डोक्यावर काय होतं, रस्ता कुठला होता, काय घडलं ते लिहा. शहरातलं चालेल, मांडू-महेश्वरचं चालेल, सेंधव्यापलीकडचं, महाराष्ट्राच्या वाटेवरचं असेल तर पळेल.

राजेंद्रनगर, नोकरी पीथमपूरला

आमच्या कारखान्याच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून अर्धे लोक राऊपासून हेल्मेट आरशाला लटकवून येतात आणि गेटच्या अलीकडे चहाच्या टपरीवर ते डोक्यावर चढवतात. जणू डोकं कंपनीच्या मालकीचं आहे!

मागच्या थंडीत रात्रपाळी सुटल्यावर घरी येताना कुत्रं आडवं आलं. पुढचं चाक सरकलं, गाडी एकीकडे आणि मी तोंडावर घसरत दुसरीकडे. फुल फेस हेल्मेट होतं. हनुवटीचा भाग घासून इतका खरखरीत झाला की बोट फिरवलं तर टोचायचं. माझी हनुवटी शाबूत. मागून येणाऱ्या सहकाऱ्यानं ते पाहिलं आणि पुढच्याच पगारात आपलं अर्धं हेल्मेट बदललं.

बाहेरून पॉलिश मारलं असतं तर ते हेल्मेट सहज खपलं असतं. आतलं अस्तर काढल्यावर दिसलं, एका बाजूचा थर्माकोल दबलेला. मार खातो तो हाच थर, आणि तो एकदाच दबतो, परत फुगत नाही. भंगारवाल्याला देण्याआधी दोन्ही पट्टे कापले. नाहीतर ते फुटपाथवरून कोणाच्या तरी डोक्यावर पोचलं असतं.

रात्री चालवणाऱ्यांसाठी अजून एक. काचेवर ओरखडे असतील तर समोरून ट्रकचा हेडलाइट आला की अख्खी काच पांढरी होते. काच वेगळी मिळते, तेवढीच बदला. काळी काच रात्री नकोच.

हेल्मेटच्या दुकानातून

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य, "भिया, सगळ्यात हलकं दाखवा." दुसरं, "जरा ढिलं द्या, आरामात बसलं पाहिजे." आरामात बसणारं हेल्मेट पडताना आरामात निघूनही जातं. भुवयांच्या बोटभर वर टेप धरून डोक्याचा घेर मोजतो, मग साइझ देतो. नवं हेल्मेट गालांना दाबलंच पाहिजे. गाल थोडे वर येऊन माणूस जरा बावळट दिसला की समजायचं, बरोबर आहे. पट्टा लावून मागून वर उचलून पाहा. डोक्यावरून पुढे निघालं तर परत ठेवा.

१ जून २०२१पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. मार्कासोबत आयएस ४१५१ हा आकडा आणि बनवणाऱ्याच्या लायसन्सचा नंबर पाहा, नुसता स्टिकर कोणीही चिकटवतं. रस्त्याच्या कडेला टोपीच्या भावात मिळतं ते टोपीच असतं.

बायकांच्या बाबतीत अंबाड्याचा प्रश्न येतो. अंबाड्यावर हेल्मेट टेकतच नाही, वर तरंगतं. खाली सैल वेणी घातली की बसतं.

सुदामानगर, स्कूटरवाली शिक्षिका

अंबाड्याचं पटलं. माझा मुद्दा स्टोलचा. इंदूरच्या उन्हात आम्ही सगळ्याजणी तोंड बांधतो, आणि त्या सुळसुळीत कापडावर हेल्मेट मागे मागे सरकत राहतं. मी सुती बालाक्लावा (डोकं-तोंड झाकणारी घट्ट टोपी) घेतला, धुवून वाळतोही पटकन. गॉगल मात्र वरून घालावा लागतो.

मुलगा साडेतीन वर्षांचा. चार वर्षांखालच्या मुलाला सेफ्टी हार्नेस (चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारे पट्टे), हेल्मेट आणि गाडीचा वेग ४०च्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३पासून आहे. आमच्या शाळेच्या फाटकावर बघाल तर पोरं अजून पुढे आरसे धरून उभी! माझा हार्नेस पाहून सासूबाई म्हणाल्या, "पोराला काय पोत्यासारखं बांधतेस?" आता त्याच मागे बसून पट्टे तपासतात, आणि एखादा सैल राहिला तर माझी कानउघाडणी करतात.

रामबाग, निवृत्त

तुमचं हायवेचं ठीक आहे. राजवाडा ते रामबाग गर्दीत वीसच्या वर काटा जात नाही. हेल्मेटनं मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, भाजी घेताना ते ठेवायचं कुठे? गावातल्या गावात सक्ती मला पटत नाही.

लोकमान्यनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

काका, राग मानू नका. तुमची गाडी उभी असली तरी डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून सरळ खाली आलं तर रस्त्याला ताशी १९-२० किलोमीटरच्या वेगानं आपटतं, आणि यात गाडीचा वेग धरलेलाच नाही. मान दुखते ती बहुतेकदा साइझ मोठी असल्यानं. वाऱ्यानं हेल्मेट हलतं आणि मान त्याला धरून ठेवते. ठेवायच्या जागेचं म्हणाल तर ते खरंच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी कोपरात अडकवून फिरतो.

अपघात विभागात नर्स

आमच्याकडे माणूस येतो आणि त्याचं हेल्मेट नातेवाईक वेगळं घेऊन येतात, पुष्कळदा बिनओरखड्याचं. ते पडायच्या आधीच उडालेलं असतं. पट्ट्याबद्दल मला एवढंच सांगायचंय.

जास्त महत्त्वाचं हे. अपघात दिसला की लोक धावतात आणि पहिलं काम करतात हेल्मेट ओढून काढायचं. करू नका. मानेचं हाड दुखावलेलं असेल तर त्या एका हिसक्यानं हातपाय कायमचे जाऊ शकतात. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट राहू द्या, काच वर करा, डोकं हलू देऊ नका, १०८ला फोन करा. श्वास अडत असेल, उलटी किंवा रक्त तोंडात साचत असेल, तरच काढायचं, तेही दोघांनी. एकानं खालून मान आणि जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्यानं हेल्मेटच्या कडा बाहेर ताणत हळूहळू सरळ काढायचं. आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून थांबू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए खाली संरक्षण आहे.

वैशालीनगर, दरवर्षी इंदूर ते नाशिक

माहेर नाशिकचं, ट्रेनची वेळ जमत नाही, म्हणून आम्ही दोघं बुलेटवर. मानपूर सोडलं की माळवा संपतो. विंध्याचा उतार लागतो आणि खाली निमाडची गरम हवा अंगावर येते, ओव्हनचं दार उघडावं तशी. गणेश घाटात ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन इतके जीव गेले की तिथे वेगळा रस्ता काढावा लागला. तरी उतारावर आमचा नियम एकच: भरलेल्या ट्रकच्या पुढ्यात राहायचं नाही. मागे राहावं, नाहीतर झटकन पुढे निघून जावं. गाडी खालच्या गिअरला, ब्रेक अधूनमधून. सतत दाबून ठेवला की तो तापून मऊ पडतो.

खलघाटला नर्मदेच्या पुलाआधी थांबतो, पाणी पितो, पट्टे तपासतो. मे महिन्यात निमाडात पारा ४४च्या पुढे जातो, तेव्हा नवरोबा जॅकेट काढायला बघतात. मी जाळीचं जॅकेट शोधून आणलं, कोपर-खांद्याला पॅड आणि मधून वारा. चालत्या गाडीवर ते उघड्या हातांपेक्षा गार वाटतं, हे त्यांनी स्वतः कबूल केलंय. (लेखी नाही.)

मागे बसणाऱ्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. दोघांची उंची सारखी असेल तर थोडं तिरकं बसावं, आणि मांड्यांनी पकड ठेवावी, हातांनी नाही. कानात फोमचे बोळे घालते. ऐंशीच्या वर वाऱ्याचा आवाज तासन् तास डोक्यात घुमतो, आणि बिजासन घाट उतरून पळासनेरला पोचेपर्यंत माणूस चिडचिडा होतो. बोळे घालायला लागल्यापासून शिरपूरच्या आमच्या भांडणांत लक्षणीय घट आहे. हॉर्न मात्र तरीही ऐकू येतो, रामबागच्या काकांनी नोंद घ्यावी.

तिलकनगर, पावसाळी मांडूवाले

श्रावणात धारवरून मांडूला जाणाऱ्या ग्रुपांना विनंती. पुढे रस्ता माहीत असलेला, शेवटी पंक्चर काढता येणारा, आणि नवशिके पुढच्याच्या लगेच मागे. शेवटी ठेवले की ते गाठायला म्हणून वेडेवाकडे पळवतात. रांग एकामागे एक नको, एक डावीकडे, एक उजवीकडे. घाटात ढग रस्त्यावर उतरतात आणि श्वासानं काच आतून धुकटते. ती एक खाच उघडी ठेवावी. आतून लावायची पिनलॉक पट्टी मिळते, ती सगळ्यात बरी. मांडूत दाल-पानिये खा, खुरासानी इमली (तिथल्या बाओबाबचं आंबट फळ) घ्या, आणि उजेड असताना परत फिरा. अंधारात धार रोडला बसलेली गुरं दिसत नाहीत.

एक प्रश्न आहे. पावसात हेल्मेट असं कुबट होतं की बायको घरात घेऊ देत नाही. काय करता?

हेल्मेटच्या दुकानातून

अस्तर निघणारं असेल तर काढून कोमट पाण्यात बेबी शॅम्पूनं धुवा, सावलीत वाळवा. निघत नसेल तर ओल्या फडक्यानं पुसा आणि पंख्याखाली उलटं ठेवा. पेट्रोल, थिनर, डांबराचे डाग काढायचं लिक्विड यातलं काहीही लावू नका, आतला थर्माकोल विरघळतो. आणि गाडीच्या आरशावर वाळत घालू नका, आरशाचा टोकदार भाग आतून खड्डा पाडतो.