कार्बाइड वापरल्याचा खोटा आरोप फेसबुकवर पसरला आहे. कायद्याने काय करता येईल?

प्रश्न: बागायतदार, देवगड

नमस्कार. आमची देवगड तालुक्यात हापूसची दीडशे कलमे असून गेली सहा वर्षे आम्ही पेट्या थेट पुण्यातील ग्राहकांना पाठवतो. आंबा मांगरात भाताच्या पेंढ्यात आढी घालूनच पिकवतो. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या पेटीतील चार फळांत साका (आतील गर पांढरट व स्पंजासारखा होण्याचा दोष) निघाला. त्याने फेसबुकवरील मोठ्या गटात माझ्या नावासह व फोन क्रमांकासह असे लिहिले की, मी कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकतो आणि तो कार्बाइडने पिकवतो. मजकूर व्हॉट्सॲपवरही फिरत आहे आणि आतापर्यंत अकरा जणांनी मागणी रद्द केली आहे. पोलीस ठाण्यात केवळ अदखलपात्र नोंद झाली. मी त्याच गटात त्या ग्राहकाचे नाव घेऊन उत्तर द्यावे, असे माझा भाऊ म्हणतो. आपण काय सुचवाल?

उत्तर: वकील, रत्नागिरी

पोलिसांनी आपल्याला टाळले असे समजू नका. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये येतो आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मात्र त्यासाठी बाधित व्यक्तीलाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्यावी लागते. नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम हवा असेल, तर मार्ग दिवाणी दाव्याचा आहे, आणि त्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून अवघी एक वर्ष आहे. हंगाम उरकू दे, मग पाहू, असे म्हणत अनेकांनी ही मुदत घालवलेली मी पाहिली आहे.

त्याआधी पुरावा सांभाळा. मजकूर पुसला गेला की हाती काही उरत नाही. केवळ कापलेला स्क्रीनशॉट नको. पानाचा वेब पत्ता (लिंक), तारीख, वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया यांसह संपूर्ण पान जतन करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार, तो कोणत्या उपकरणावरून व कसा घेतला हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या निवडणूक प्रकरणात ठामपणे सांगितली होती. म्हणून ज्या फोनवर हे सर्व घेतले, तो फोन विकू नका आणि त्यातील काही पुसूही नका.

फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार अवश्य करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रेया सिंघल निकालानंतर न्यायालयाच्या किंवा शासनाच्या आदेशाशिवाय असा मजकूर काढण्याचे बंधन कंपनीवर येत नाही.

उत्तर: न्याहारी-निवास चालक, मालवण तालुका

बागायतदारसाहेब, भावाचे म्हणणे ऐकू नका, ही कळकळीची विनंती. तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने आमच्या स्वयंपाकघराविषयी धादांत खोटे लिहिले आणि मी रागाच्या भरात तो मद्यपी असल्याचे लिहून बसलो. परिणामी नोटीस मलाच आली, आणि माझी मूळ तक्रार बाजूला पडून माफी मागण्याची वेळ माझ्यावर आली. माझी आई अजूनही त्या दिवसांचा विषय निघाला की गप्प होते.

पुन्हा प्रश्न: बागायतदार, देवगड

आपल्या दोघांचा आभारी आहे. साका निघाला हे तर खरेच आहे. त्यामुळे माझी बाजू कमकुवत होते का? आणि गटाच्या ॲडमिनवर कारवाई करता येईल का?

उत्तर: वकील, रत्नागिरी

साका निघाल्याची तक्रार करण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे आणि ती बदनामी नाही. ‘चव आवडली नाही’ हे मत झाले. कार्बाइडने फळ पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, त्यामुळे तसा आरोप करणे म्हणजे आपण कायदा मोडता असे सांगणे होय, आणि आपला दावा याच वाक्यावर आणि कर्नाटकच्या वाक्यावर उभा राहील. नोटिशीत साक्याचा इन्कार करू नका. उलट त्या चार फळांचे पैसे आजच परत करा आणि पावती जपून ठेवा. आपली सचोटी त्यातून दिसेल. सातबारा, तोडणीच्या नोंदी, वाहतुकीच्या पावत्या आणि भौगोलिक मानांकनाखाली नोंदणी असल्यास तिचा दाखला एका फाइलमध्ये लावा.

ॲडमिनविषयी म्हणाल, तर व्हॉट्सॲप गटाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे की, समान उद्देश सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्याला आरोपी करण्याऐवजी, मजकूर काढावा आणि तितक्याच ठळकपणे आपला खुलासा प्रसिद्ध करावा, असे लेखी पत्र द्या. खुलाशाचा मसुदा पाठवण्यापूर्वी मला दाखवा. त्यात त्या ग्राहकाचे नाव येता कामा नये.